बाजाच्या तारेचे पोलाद : ०.३० मिमी तारेच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

काम ठरले : सतारीच्या बाजाच्या तारेसाठी (जिच्यावर मुख्य वादन होते ती तार) ०.३० मिमी व्यासाची कार्बन पोलादाची तार तयार करायची आणि तिच्यात ताकद नेमकी कुठून येते हे टप्प्याटप्प्याने मोजून पाहायचे. मिरजेत सतारी-तंबोरे बनतात, पण चांगली बाजाची तार म्हटली की आजही जर्मन रॉस्लाऊ तारेचेच नाव घेतले जाते. त्या तारेत जादू काही नाही. सुमारे ०.८ टक्के कार्बन, शिशाच्या टाकीतली उष्णताप्रक्रिया आणि थंड अवस्थेत भरपूर ओढकाम, एवढ्यावर ती उभी आहे.

आधी ताकद किती हवी त्याचा हिशेब. ताणलेल्या तारेची कंपनसंख्या फक्त तिची लांबी, घनता आणि तिच्यातला ताण, म्हणजे छेदाच्या दर क्षेत्रफळामागचे बल (एकक मेगापास्कल), यांवर ठरते. व्यास हिशेबातून गळून पडतो. तारेची कंप पावणारी लांबी, घोडीपासून मेरूपर्यंत, ८८ सेमी, षड्ज काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, बाजाची तार मध्यमात म्हणजे १८५ हर्ट्झवर. लांबीची दुप्पट गुणिले कंपनसंख्या, त्याचा वर्ग, गुणिले घनता ७८५० : उत्तर ८३२ मेगापास्कल. ०.३० मिमी तारेला हे जेमतेम ६ किलोचे ओझे. एवढे पेलायला साधी तारही पुरेल.

खरी परीक्षा मींडेची. षड्जाच्या पडद्यावर बोट ठेवून तार पंचमापर्यंत खेचली की कंपनसंख्या दीडपट होते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट : १८७३ मेगापास्कल. हा ताण क्षणभर सोसून तार पुन्हा मूळ सुरावर आली पाहिजे. शिवाय दुसऱ्या टोकाला, लंगोटात (भोपळ्याच्या तळाशी तारा अडकवायच्या पट्टीत) अडकवायच्या फासासाठी, हीच तार स्वतःभोवती पिळायची असते. तिथे ती चिरली तर ताकदीचा आकडा कितीही मोठा असो, उपयोग शून्य.

म्हणून लक्ष्य तीन : तुटण्याचा ताण २६०० मेगापास्कलच्या वर, व्यासाच्या शंभरपट लांबीत किमान २५ पीळ, उभी चीर न पडता, आणि मींडेनंतर सूर उतरणे कमीत कमी.

११ जानेवारी

कच्चा माल ५.५ मिमीचा वायर रॉड. तपासणी-पत्रकाप्रमाणे कार्बन ०.८२, मँगनीज ०.५०, सिलिकॉन ०.२१, गंधक आणि फॉस्फरस दोन्ही ०.०१५ च्या आत, नायट्रोजन ०.००५ टक्क्यांच्या आत. तांबे आणि क्रोमियम नगण्य.

कार्बन ०.८ च्या आसपासच का? या प्रमाणाला सगळे ऑस्टेनाइट (पोलादाचे तापलेल्या अवस्थेतले रूप) निवताना थेट पर्लाइटमध्ये बदलते. पर्लाइट म्हणजे मऊ फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) आणि कठीण सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचे संयुग) यांचे एकाआड एक पापुद्रे. वजनाने सिमेंटाइट साधारण ११-१२ टक्के, त्यामुळे फेराइटचा पापुद्रा सिमेंटाइटच्या सात-आठ पट जाड. कार्बन कमी असला तर मोकळ्या फेराइटच्या मऊ बेटांतून तार असमान ताणते. जास्त असला आणि थंड होणे रेंगाळले, तर कणांच्या सीमांवर सिमेंटाइटची जाळी बसते आणि ओढताना तीच पहिली तडकते.

पोलाद सिलिकॉनने शांत केलेले, म्हणजे वितळलेले असताना त्यातला ऑक्सिजन सिलिकॉनने काढलेले हवे, ॲल्युमिनियमने नको. ॲल्युमिनाचा कण कठीण, ओढकामात तो वाकत नाही की लांबत नाही. ५.५ मिमीच्या रॉडमध्ये १५ मायक्रॉनचा कण कुणाच्या नजरेत भरणार नाही. ०.३० मिमीच्या तारेत तो व्यासाचा विसावा भाग होतो.

आडवा छेद घासून नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) खोदला. कडेला पांढुरकी कड, म्हणजे कार्बन उडालेला थर, काही ठिकाणी ४० मायक्रॉन. ओढल्यावर तो व्यासाच्या प्रमाणात पातळ होईल, पण पिळताना सर्वाधिक विकृती (आकारातला बदल) कडेलाच असते. पट्टा लावून पृष्ठभाग ०.०५ मिमी खोल सोलून घेतला.

१९ जानेवारी

रॉड ५.५ वरून १.५० मिमीपर्यंत कोरड्या साबणात ओढून झाला. आता पेटंटिंग, म्हणजे शिशाच्या टाकीतली उष्णताप्रक्रिया. या शब्दाचा मूळ अर्थ खरोखरच पेटंट एवढाच आहे : बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने १८५४ मध्ये ही रीत पेटंट केली आणि प्रक्रियेला तेच नाव चिकटले.

तार ९४० अंशांच्या भट्टीतून थेट वितळलेल्या शिशात. वेग मिनिटाला २० मीटर. भट्टी १२ मीटर, म्हणजे ३६ सेकंद. टाकी ५ मीटर, म्हणजे १५ सेकंद. ऑस्टेनाइट भट्टीत पूर्ण झाले पाहिजे आणि पर्लाइट टाकीतच पूर्ण झाले पाहिजे. अर्धवट राहिलेले ऑस्टेनाइट टाकीबाहेर मार्टेन्साइट, म्हणजे कठीण पण ठिसूळ रूप, होते. असा एक ठिपकासुद्धा तार तोडायला पुरेसा आहे.

शिसेच का, हवा का नाही, हे नीट लिहून ठेवतो. ऑस्टेनाइटचे पर्लाइट होताना उष्णता बाहेर पडते. हवेत ती वाहून नेली जात नाही, तार स्वतःच तापते आणि उरलेले पर्लाइट जास्त तापमानाला, म्हणजे जाड पापुद्र्यांचे बनते. शिसे ती उष्णता खेचून घेते आणि तार जवळपास एकाच तापमानाला राहते. पापुद्रे एकसारखे येतात ते यामुळे.

तीन गट केले : शिसे ५१०, ५५० आणि ६०० अंशांवर. थर्मोकपल (तापमान मोजायचे साधन) तार आत शिरते त्या टोकाला हवे. मधल्या भागात ठेवले तर प्रवेशाजवळचे शिसे तापलेले असूनही काटा ५५०च दाखवतो.

शिशावर लोणारी कोळशाच्या चुऱ्याचा जाड थर ठेवला. त्याने शिसे ऑक्साइड होत नाही, वाफ दबते आणि बाहेर पडणाऱ्या तारेवरचे शिसे पुसले जाते. वर खेचणारा धुरांडी पंखा, हातमोजे, तिथे खाणेपिणे बंद, काम करणाऱ्यांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणी. यात सूट नाही.

२४ जानेवारी

तिन्ही गटांतल्या पापुद्र्यांमधल्या अंतराचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे मोजमाप. फोटोत एखादा सुबक, सरळ उभा पापुद्र्यांचा पुंजका निवडून अंतर मोजायचा मोह होतो. ते चूक. छेद तिरका गेला की अंतर मोठे दिसते आणि कुठला पुंजका सरळ कापला गेला हे डोळ्यांनी ठरत नाही. म्हणून फोटोवर ज्ञात परिघाचे वर्तुळ ठेवायचे, परिघ किती सिमेंटाइट पापुद्रे ओलांडतो ते मोजायचे आणि परिघाला त्या संख्येने भागायचे. आलेल्या सरासरीच्या निम्मे म्हणजे खरे सरासरी अंतर. प्रत्येक गटाचे २० फोटो घेतले.

५५० अंश : ९० नॅनोमीटर, तुटण्याचा ताण १२६० मेगापास्कल. ६०० अंश : १४० नॅनोमीटर, १०२० मेगापास्कल. ५१० च्या गटात ताण १२९० आला, पण फोटोत पापुद्रे तुटक आणि जागोजागी पिसांसारखी रचना : वरच्या पातळीचे बेनाइट (कमी तापमानाला पर्लाइटऐवजी बनणारी रचना) मिसळले आहे. आकडा चांगला दिसतो म्हणून हा गट उचलायचा नाही. बेनाइटमधले सिमेंटाइट सुट्या कणांचे असते, ते ओढकामात पापुद्र्यांसारखे लांबत नाही आणि पुढे ताकद हळू वाढते. ५१० चा गट बाजूला ठेवला.

२ फेब्रुवारी

१.५० वरून ०.३० म्हणजे व्यास एकपंचमांश. खरी विकृती काढायची तर व्यासांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची दुप्पट : ३.२२. क्षेत्रफळ एक पंचविसांश, म्हणजे मीटरभर तारेचे पंचवीस मीटर होणार.

सोळा पास (एकेका डायमधून, म्हणजे निमुळत्या भोकाच्या साच्यातून, एकेक ओढ), प्रत्येकात क्षेत्रफळात १८.२ टक्के घट : १.५००, १.३५६, १.२२७, १.१०९, १.००३, ०.९०७, ०.८२०, ०.७४२, ०.६७१, ०.६०७, ०.५४९, ०.४९६, ०.४४९, ०.४०६, ०.३६७, ०.३३२, ०.३००. पहिले आठ पास कोरड्या साबण-पावडरीत, उरलेले आठ पाण्यातल्या साबण-इमल्शनमध्ये बुडालेल्या डायांतून. टंगस्टन कार्बाइडच्या डाया, पूर्ण कोन १२ अंश, सरळ भागाची लांबी व्यासाच्या ४० टक्के.

पृष्ठभागाची तयारी : १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात सहा मिनिटे, धुणे, ७५ अंशांवर झिंक फॉस्फेट, नंतर गरम बोरॅक्स. फॉस्फेटचा थर करडा आणि मखमली दिसायला हवा. दोन जागी चकचकीत ठिपके दिसले. तिथे शिसे चिकटून राहिले होते. आम्ल शिशाला फारसे लागत नाही, शिशावर फॉस्फेट धरत नाही आणि फॉस्फेट नसेल तिथे साबण टिकत नाही. अशी तार तशीच ओढली तर डायवर ओरखडा उठतो आणि तो पुढच्या सगळ्या लांबीवर छापला जातो. ते दोन तुकडे कापून टाकले.

आम्लातून काढलेली तार रात्रभर ठेवूनच मशीनवर चढवली. आम्लात पोलादात शिरलेला हायड्रोजन निघून जायला वेळ लागतो.

६ फेब्रुवारी

नवव्या ते अकराव्या पासात पाच वेळा तार तुटली. पाचही तुकड्यांची टोके सारखीच : एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला सुळका. सुळक्याच्या मागचा दहा सेंमी तुकडा उभा घासला तेव्हा मध्यरेषेवर ठराविक अंतराने बाणाच्या टोकासारख्या भेगा दिसल्या. बाहेरून तार आरशासारखी गुळगुळीत.

हे पोलादाचे पाप नव्हते. त्या तीन डाया पुन्हा घासून आणलेल्या होत्या आणि घासताना कोन १२ वरून २० अंशांपर्यंत गेला होता. डायमधला विकृतीचा पट्टा किती आखूड आणि जाड आहे हे एका गुणकाने सांगता येते : अर्धकोन रेडियनमध्ये, भागिले घट, गुणिले (१ अधिक १ वजा घटीचे वर्गमूळ) याचा वर्ग. १२ अंश आणि १८.२ टक्क्यांना हा गुणक २.१ येतो, २० अंशांना ३.५. गुणक तीनच्या वर गेला की दाब गाभ्यापर्यंत पोचत नाही, कडा पुढे सरकते, गाभा मागे खेचला जातो आणि मध्यरेषेवर ताण साचतो. कोन तोच ठेवून घट फार कमी केली तरी हेच घडते : १२ अंशांना ९ टक्के घट घेतली तर गुणक ४.४. 'हलका हात' लावून तार वाचते, हा समज इथे उलटा पडतो.

तिन्ही डाया बदलल्या. त्यानंतर ५५० च्या गटात एकही तूट नाही.

९ फेब्रुवारी

उष्णतेचा हिशेब. ओढकामात घातलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. एका पासातली विकृती ०.२०, तारेची ताकद सुरुवातीला साधारण १३०० मेगापास्कल, शेवटी २६००. दोहोंचा गुणाकार करून त्याला घनता गुणिले विशिष्ट उष्णतेने भागले की पहिल्या पासात तापमान सुमारे ७० अंशांनी वाढते, शेवटच्या पासात सुमारे १४० अंशांनी. घर्षणाची भर निराळी. इमल्शन ४० अंशांवर असेल तरी तार डायमधून १८० च्या आसपास बाहेर पडते.

मशीन हळू चालवले की डायमधली उष्णता कमी होते असे नाही. विकृतीची उष्णता वेगाने बदलत नाही. वेग कमी केल्याने पुढच्या डायपूर्वी निवायला वेळ मिळतो आणि घर्षणाने कडेला बसणारा चटका कमी होतो, एवढेच. पण तेवढेच महत्त्वाचे आहे.

५५० चा गट दोन कॉइलींत विभागला. कॉइल क : वेग सेकंदाला ३ मीटर, इमल्शन थंड करून ३५ अंशांवर. कॉइल ख : सेकंदाला ८ मीटर, इमल्शन न निववता. दुपारपर्यंत ते ६० अंशांवर गेले.

१६ फेब्रुवारी

ताणचाचणी. व्यास मायक्रोमीटरने मोजण्यावर विसंबलो नाही. ०.३० मिमीवर ०.००२ मिमीची चूक म्हणजे ताणात १.३ टक्के, ३६ मेगापास्कल. १० मीटर तार वजन करून क्षेत्रफळ काढले. नेमकी ०.३०० असेल तर वजन ५.५५ ग्रॅम भरते. पकड सपाट जबड्यांची नको, तार गोल ढोलावर तीन वेढे घेऊन धरली. जबड्यात तुटलेला नमुना मोजायचा नाही.

कॉइल क, ५५० चा गट : मूळ १२६०, चौथ्या पासानंतर १५००, आठव्यानंतर १८००, बाराव्यानंतर २२२०, सोळाव्यानंतर २७०० मेगापास्कल. साध्या धातूत ओढकामाची कडकाई वाढत वाढत सपाट होत जाते. इथे उलट : पहिल्या चार पासांनी २४० दिले, शेवटच्या चारांनी ४८०. विकृती दोन्हीकडे सारखीच.

याचे उत्तर पापुद्र्यांत आहे. अंतर व्यासाच्या प्रमाणात घटते असे धरले तर ९० नॅनोमीटरचे अनुक्रमे ६०, ४०, २७ आणि १८ होतात. आठव्या पासाची तार उभी कापून सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, ४३ आले, म्हणजे गृहीत बरोबर आहे. अंतराचे वर्गमूळ घेऊन त्याच्या व्यस्ताविरुद्ध ताण मांडला तर पाचही बिंदू एका सरळ रेषेवर. उतार सुमारे ११,१०० (मेगापास्कल गुणिले नॅनोमीटरचे वर्गमूळ), रेषा उभ्या अक्षाला ७० वर छेदते. म्हणजे या पोलादाच्या २७०० पैकी शुद्ध लोखंडाच्या जाळीचा स्वतःचा वाटा सत्तरेक. बाकी सगळे अंतराच्या नावावर.

एम्बरी आणि फिशर यांनी १९६६ मध्ये ओढलेल्या पर्लाइटसाठी हाच संबंध मांडला होता. विकृतीच्या भाषेत ताकद एक-चतुर्थांश विकृतीच्या घातांकाने वाढते.

६०० च्या गटाला हीच रेषा लावली तर १४० चे २८ नॅनोमीटर होऊन २१७० यायला हवे, आले २१५०. ओढकाम तेच, डाया त्याच, फरक साडेपाचशेचा. तो फरक शिशाच्या टाकीतल्या १५ सेकंदांत ठरला होता. पापुद्रे जाड घेऊन नंतर जास्त ओढून भरपाई करू म्हटले तर जाड सिमेंटाइट वाकण्याऐवजी तडकते. या गटाच्या बाराव्या पासाच्या उभ्या छेदात सिमेंटाइटच्या तुटक्या टोकांशी पोकळ्या दिसल्या.

२१ फेब्रुवारी

अंतर घटले की ताकद का वाढते? पोलाद वाकते, ताणते ते फेराइटमधल्या डिस्लोकेशनच्या सरकण्याने. डिस्लोकेशन म्हणजे अणूंच्या रांगांतली चुकलेली ओळ. फेराइटचा पापुद्रा ही तिची गल्ली, सिमेंटाइट दोन्ही बाजूंची भिंत. ९० नॅनोमीटरच्या रचनेत गल्ली ८० रुंद, शेवटी १६ नॅनोमीटर. लोखंडाच्या अणूंमधले अंतर पाव नॅनोमीटर, म्हणजे गल्लीत पासष्टेक अणू.

पाठ्यपुस्तकात सीमेशी डिस्लोकेशनची रांग साचते असे चित्र असते. १६ नॅनोमीटरमध्ये रांगेला जागाच नाही. तिथे एकेकटे डिस्लोकेशन दोन भिंतींमध्ये कमानीसारखे वाकून पुढे सरकते आणि गल्ली जितकी अरुंद तितकी कमान घट्ट, तितका ताण जास्त. वर्गमूळाचा नियम आकड्यांना बसतो म्हणून रांगेचे चित्रही खरे, असे समजू नये. भिंतींशी अडकून साचणाऱ्या डिस्लोकेशनची घनता विकृतीबरोबर वाढत जाते आणि तिचा वाटाही त्याच उतारात मिसळलेला आहे. घनता चौरस मीटरला १ वर १५ शून्ये धरली तर तिचा वाटा साडेचारशे मेगापास्कलच्या घरात येतो, १६ शून्ये धरली तर चौदाशेच्या. दोन्ही वाटे वेगवेगळे मोजून बेरीज केली तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो.

क्ष-किरण नमुना : तारा शेजारी शेजारी चिकटवून एक, आणि तारांची जुडी उभी ठेवून आडवी कापलेली दुसरी. कोबाल्टची नळी वापरली. तांब्याच्या नळीने लोखंड स्वतःच चमकते आणि पार्श्वभूमी वर येते. आडव्या कापात ११० चे शिखर (हे आकडे स्फटिकातल्या अणूंच्या थरांची दिशा सांगतात) प्रचंड, २०० आणि २११ जवळपास गायब : सगळ्या फेराइटची ११० दिशा तारेच्या अक्षाला लागली आहे.

या दिशेमुळे एक देखणी गोष्ट घडते. अशा रचनेत पापुद्रा दोन्ही आडव्या दिशांनी सारखा आकसत नाही, एकाच दिशेने पातळ होतो. मग शेजाऱ्यांत मावायला तो मुडपतो. आठव्या पासाच्या आडव्या छेदात पापुद्रे कुरळ्या केसांसारखे एकमेकांभोवती वळलेले दिसतात, तर उभ्या छेदात तेच पापुद्रे अक्षाला समांतर, कागदाच्या थप्पीसारखे सरळ. एकाच तारेचे दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे पोलाद वाटावेत.

२८ फेब्रुवारी

पीळचाचणी. तुकडा ३० मिमी, एक टोक स्थिर, दुसरे फिरते, ताणाला हलके वजन.

कॉइल क : पाच नमुन्यांची सरासरी ३४ पीळ. तूट अक्षाला काटकोनात, सपाट, जणू सुरीने कापली. पीळाच्या रेघा तुकड्याच्या दोन टोकांमध्ये सारख्या अंतरावर.

कॉइल ख : तुटण्याचा ताण २७८०, म्हणजे 'क' पेक्षा ८० ने अधिक. पण पाचपैकी चार नमुन्यांत सहाव्या-सातव्या पिळाला पीळबल एकदम कोसळले. भिंगाखाली पाहिले तर तारेवर मळसूत्रासारखी उभी चीर, टोकापासून टोकापर्यंत. तार तुटली नव्हती, वेताच्या कांबीसारखी उकलली होती.

नुसती ताणचाचणी करणाऱ्याने 'ख' निवडली असती. म्हणून पीळचाचणी शेवटी उरकायची चाचणी म्हणून ठेवू नये. ओढकामाचे तापमान सुटले की तीच पहिल्यांदा बोलते.

७ मार्च

'ख' मध्ये काय झाले? १८ नॅनोमीटरच्या रचनेत सिमेंटाइटचा पापुद्रा दोनेक नॅनोमीटर जाड. सिमेंटाइटच्या स्फटिक-घराच्या बाजू ०.४५, ०.५१ आणि ०.६७ नॅनोमीटर, म्हणजे जाडीत तीन ते पाच घरे. एवढ्या पातळ थरात बहुतेक अणू पृष्ठभागाजवळच असतात आणि थर अस्थिर होतो. बाजूला डिस्लोकेशनने गच्च भरलेले फेराइट असते आणि कार्बनच्या अणूला डिस्लोकेशनपाशी बसणे सिमेंटाइटमध्ये राहण्यापेक्षा सोयीचे पडते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला फेराइटमध्ये न मावणारा कार्बन तिथे जाऊन बसतो. आमच्या क्ष-किरण नोंदींत सिमेंटाइटची शिखरे सोळाव्या पासाला पार्श्वभूमीत विरून गेली आहेत. तेवढ्यावरून सिमेंटाइट विरघळले असे म्हणता येत नाही, अतिपातळ थराचे शिखरही असेच पसरते. पण अशा तारांत ते अंशतः विरघळते हे अणू-शोधक सूक्ष्मदर्शकाने दाखवले गेले आहे.

डायमधल्या उष्णतेने कार्बनच्या या स्थलांतराला वेग येतो. डिस्लोकेशन जखडली जातात, म्हणून ताण वाढतो. पण पिळताना एकदा एखाद्या पट्ट्यात ती सुटली की सगळी विकृती त्याच पट्ट्यात धावते, आणि सगळे पापुद्रे अक्षाला समांतर असल्याने तो पट्टा उभा चिरत जातो.

ही वाट शेवटपर्यंत गेली तर कुठे पोचते? ०.९८ टक्के कार्बनची तार ६.५२ विकृतीपर्यंत, २० मायक्रॉन व्यासापर्यंत ओढून ७००० मेगापास्कल मिळाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे पापुद्र्यांची रचना उरतच नाही. दहा नॅनोमीटरहून बारीक फेराइटचे कण आणि त्यांच्या सीमांवर बसलेला कार्बन, असे चित्र होते. तोच कार्बन सीमा धरून ठेवतो म्हणून इतके बारीक कण टिकतात.

उष्णतेचा प्रश्न मोठ्या तारांनाही सुटलेला नाही. जपानच्या आकाशी काइक्यो पुलाच्या ५.२३ मिमी तारांना जस्ताचा मुलामा द्यायचा होता आणि वितळलेले जस्त ४५० अंशांचे. त्या तापमानाला सिमेंटाइटचे पापुद्रे गोळ्या व्हायला लागतात. सिलिकॉन वाढवून ते रोखले आणि १८०० मेगापास्कलची तार मिळाली.

१५ मार्च

सुराची चाचणी. ८८ सेमीची लाकडी चौकट, एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला बारीक आट्यांचा स्क्रू. तार १८५ हर्ट्झवर लावायची, स्क्रूने ताणून २७७.५ हर्ट्झपर्यंत न्यायची, पाच सेकंद धरायची, परत आणायची. एकूण ५० वेळा. मग सूर किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरला ते ट्यूनरवर वाचायचे. ही मोजणी भलतीच संवेदनशील आहे : १० सेंट म्हणजे ताणात फक्त ९.६ मेगापास्कलची घट, म्हणजे ८८ सेमी तारेत ०.०४२ मिमीची कायमची वाढ.

कॉइल क जशी ओढली तशी : २२ सेंट उतरली. वादकाच्या कानाला हे सहन होणारे नाही. कारण ताज्या ओढलेल्या तारेची ताकद २७०० असली तरी तिच्यातली काही डिस्लोकेशन मोकळी असतात आणि १८७३ च्या ताणालाच ती किंचित सरकतात.

म्हणजे 'ख' मध्ये ज्याने घात केला, तेच थोडे हवे आहे. फरक इतकाच की तापवायचे ते ओढकाम संपल्यावर, बेताने, आणि तारेच्या सगळ्या जाडीला सारखे. 'क' चे तुकडे भट्टीत ३० मिनिटे : १५० अंशांना ९ सेंट, ३३ पीळ. २०० अंशांना ४ सेंट, २९ पीळ, तुटण्याचा ताण २७९०, पाचही तुटी सपाट. २५० अंशांना ३ सेंट, पण पाचपैकी दोघांना उभी चीर. ३०० अंशांना पाचही चिरले आणि ताण २६९० वर घसरला.

२०० अंश, ३० मिनिटे ठरले. २५० ने मिळणारा एक सेंट उभ्या चिरीच्या मोलाने घ्यायचा नाही.

फासाची चाचणी : २ मिमीच्या खिळ्याभोवती डोळा घेऊन मोकळे टोक मूळ तारेवर आठ वेढे घट्ट पिळले. २०० च्या दहापैकी दहा फास शाबूत. २५० च्या दहापैकी तीन पाचव्या वेढ्याच्या आत उकलले. कॉइल ख चे दहापैकी नऊ.

भट्टीत घालण्यापूर्वी तारेवरचा साबण कोमट पाण्याने धुऊन, अल्कोहोलने पुसून घ्यायचा. राहिलेला साबण २०० अंशांना तपकिरी डाग सोडतो. स्वच्छ तारेवरही फिकट पिवळी झाक येते, ती निव्वळ ऑक्साइडची असते, ताकदीशी संबंध नाही. ती नको असेल तर नायट्रोजन सोडायचा.

२० मार्च

कॉइल क मधली उरलेली ६०० मीटर तार २०० अंशांना प्रक्रिया करून गंजरोधक कागदात गुंडाळली, रिळाचा व्यास १५० मिमी. त्याहून लहान रिळावर तार वाकडी बसते आणि चौकटीवर सुराबरोबर खरखर ऐकू येते. पुढच्या फेरीत शेवटच्या चार पासांची घट १८ वरून १४ टक्क्यांवर आणायची. एका पासातली उष्णता साधारण पाऊण होईल. गुणक तीनच्या बराच आत राहावा म्हणून डायांचा कोनही १० अंशांवर न्यायचा. शिसे ५४० अंशांवर घेऊन पाहायचे, पण बेनाइटचे एकही पीस दिसले तर परत ५५०.